साथ कुठून आली? विषाणूच्या जीनोमवरून माग काढण्याची रीत

फेब्रुवारी २०२१ मध्ये गिनीच्या आग्नेय भागात, न्झेरेकोरेजवळ, इबोलाचे रुग्ण पुन्हा सापडले. अंदाज साहजिकच होता: वटवाघूळ नाहीतर रानातलं दुसरं एखादं जनावर, त्याच्यातून विषाणू परत माणसात आला असणार. मग नमुन्यांतले जीनोम, म्हणजे विषाणूची अक्षरांत लिहिलेली पूर्ण जनुकीय माहिती, वाचले गेले. इबोलाचा जीनोम साधारण १९,००० अक्षरांचा. माणसांमध्ये पसरत असताना त्यातली वर्षाकाठी वीसेक अक्षरं बदलतात. त्याच भागात २०१४ ते २०१६ या काळात जी मोठी साथ आली होती, त्या विषाणूशी तुलना केली तर मधल्या वर्षांत शंभरावर बदल साचायला हवे होते. दिसले जेमतेम डझनभर. म्हणजे विषाणू इतकी वर्षं पसरत नव्हताच. जुन्या साथीतून वाचलेल्या कुणाच्या तरी शरीरात तो जवळजवळ निपचित पडून होता आणि तिथून पुन्हा बाहेर आला.

घरोघर फिरून, नातेवाइकांना विचारून हे कधीच कळलं नसतं. पण याच उदाहरणात जीनोमने काय सांगितलं नाही तेही पाहा. तो विषाणू नेमका कोणाच्या शरीरात होता, पुढे कोणाकडे कसा गेला, हे अक्षरांनी सांगितलं नाही. मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच: जीनोम ‘नाही’ म्हणतो तेव्हा पक्का असतो, ‘हो’ म्हणतो तेव्हा कच्चा. ‘हा रुग्ण त्या साखळीतला नाही’ हे तो ठामपणे सांगतो. ‘याला त्याच्याकडूनच लागण झाली’ हे सांगायला त्याला तारखा, ठिकाणं आणि आजूबाजूचे नमुने यांची साक्ष लागते. पुढची प्रत्येक पायरी ही साक्ष गोळा करण्यासाठी आहे. प्रयोगशाळेत काम करणारे, साथरोगाचा तपास करणारे आणि हे शिकू पाहणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी प्रश्न लिहून काढा

‘उगम’ हा शब्द आपण चार-पाच अर्थांनी वापरतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. विषाणू कोणत्या प्राण्यातून आला? दुसऱ्या देशातून की इथेच दबून होता? एकदाच शिरला की अनेकदा? रुग्णालयाच्या या वॉर्डात तो कोणामुळे पसरला? हा जंगलातला विषाणू आहे की लशीतला, प्रयोगशाळेतला, जुन्या रुग्णातला? प्रत्येक प्रश्नाला तुलनेसाठी वेगळे जीनोम लागतात. वॉर्डाच्या प्रश्नाला त्याच पंधरवड्यातले आसपासच्या वस्तीतले नमुने हवेत. प्राण्याच्या प्रश्नाला प्राण्यांचे हवेत, आणि ते नसतील तर माणसांचे हजार जीनोम वाचूनही उत्तर येत नाही.

प्रश्न असा लिहा की त्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकेल. ‘साथीचा अभ्यास करणे’ हा प्रश्न नव्हे. ‘या अकरा रुग्णांना एकाच ठिकाणाहून लागण झाली का?’ हा प्रश्न आहे.

नमुना आणि त्याची तारीख

सगळ्यात जास्त तपास इथेच बिघडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवातीचे रुग्ण सोन्याच्या मोलाचे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले उरलेले नमुने कोणत्या फ्रीझरमध्ये आहेत ते आधी शोधा, ते फेकले जाण्याआधी. पुढचे नमुने निवडताना नुसते मोठ्या रुग्णालयातले घेऊ नका. काळ, ठिकाण, वय, आजाराची तीव्रता यांत पसरलेले घ्या. ज्यांचा कोणाशीच संबंध लागत नाही असे रुग्ण मुद्दाम घ्या. आणि पार्श्वभूमीचे नमुने, म्हणजे त्याच काळात त्याच परिसरातले पण तुमच्या संशयित साखळीबाहेरचे रुग्ण, हे हमखास विसरले जातात. त्यांच्याशिवाय दोन जीनोम सारखे असण्याला काही अर्थच उरत नाही. का, ते पुढे उदाहरणात दिसेल.

नमुन्यात विषाणू पुरेसा हवा. आरटी-पीसीआर तपासणीची सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं, ३० च्या खाली असेल तर पूर्ण जीनोम मिळायची आशा चांगली. सीटी साधारण ३.३ ने वाढली की विषाणूचं प्रमाण दहापट घटतं; ३५ च्या नमुन्यातून जे हाती येतं ते बहुतेक तुकडेच. आरएनए फार नाजूक असतो. नमुना उणे ७० ते ८० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका, आधीच लहान लहान भाग करून ठेवा. इबोला किंवा निपाहसारखा घातक विषाणू असेल तर तो योग्य दर्जाच्या सुरक्षित कक्षात निष्क्रिय केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नमुना घेणाऱ्या माणसांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ मध्ये सिएरा लिओनमधल्या केनेमा इथल्या सरकारी रुग्णालयातून आलेल्या नमुन्यांवरून ७८ रुग्णांचे ९९ इबोला जीनोम वाचले गेले. ही साथ प्राण्यातून वारंवार येत नसून माणसाकडून माणसाकडे पसरते आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. तो निबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेले होते. डॉ. शेख हुमार खान त्यांतलेच. जीनोमची फाइल उघडताना तिच्यामागे कोणीतरी हातमोजे घालून रुग्णाजवळ उभं होतं, हे मी विसरू शकत नाही.

आता माहितीची बाजू. प्रत्येक नमुन्यासोबत एवढं हवंच: नमुना घेतल्याची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, ठिकाण, प्रवास, कोणाशी संपर्क, माणूस की प्राणी. अहवाल आल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख यांची सर्रास अदलाबदल होते. त्याहून घातक म्हणजे दिवस आणि महिना उलटणं. ०३-०४ हे कोणी ३ एप्रिल लिहितो, संगणक ते ४ मार्च वाचतो. महिन्याला दोन अक्षरं बदलणाऱ्या विषाणूत एवढ्या चुकीने अख्खी साखळी उलटीपालटी होते. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहायचा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

विषाणू ओळखीचा की अनोळखी?

आजाराचं कारणच ठाऊक नसेल तर मेटाजीनोमिक पद्धत वापरायची: नमुन्यातला सगळा आरएनए आणि डीएनए वाचायचा आणि त्यातून अनोळखी पाहुणा शोधायचा. कोविडचा विषाणू असाच सापडला. जानेवारी २०२० मध्ये त्याचा सुमारे २९,९०० अक्षरांचा जीनोम जगासमोर आला आणि त्यावरूनच सगळ्यांनी तपासणीचे संच तयार केले. या पद्धतीची अडचण अशी की बहुतेक रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे, माणसाचे निघतात आणि विषाणूचे अगदी थोडे.

विषाणू ओळखीचा असेल तर अँप्लिकॉन पद्धत सोपी आणि स्वस्त. आरएनएची डीएनए प्रत (सीडीएनए) करायची, मग जीनोमवर कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले, सुमारे ४०० अक्षरांचे तुकडे पीसीआरने वाढवायचे. शेजारचे तुकडे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून प्रायमर, म्हणजे तुकड्यांच्या टोकांना चिकटणारे छोटे डीएनए, दोन वेगळ्या नळ्यांत, एकाआड एक. कमी विषाणू असलेल्या नमुन्यातूनही यात चांगलं काम होतं. मात्र विषाणू बदलला आणि प्रायमर बसायच्या जागीच अक्षर बदललं, तर तो तुकडा गळतो. अचानक सगळ्या नमुन्यांत एकाच जागी खड्डा दिसू लागला तर नमुन्यांना दोष देऊ नका, प्रायमर तपासा. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे विषाणूला चिकटणाऱ्या प्रोबनी त्याचे तुकडे वेचून घेणं. ते महाग पडतं, पण मोठ्या किंवा बऱ्याच बदललेल्या जीनोमसाठी उपयोगी आहे.

यंत्राच्या निवडीवर फार वाद घालण्यात अर्थ नाही. इल्युमिनाचे रीड लहान पण अचूक. ऑक्सफर्ड नॅनोपोरचं मिनआयन हातात मावतं, रीड लांब देतं आणि निकाल येता येता दाखवतं. २०१५ मध्ये गिनीत संशोधकांनी सगळी प्रयोगशाळा विमानाच्या सामानात, ५० किलोंहून कमी वजनात नेली आणि १४२ इबोला नमुने तिथेच वाचले. नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत निकाल मिळत होता. साथ चालू असताना आज मिळालेला पुरेसा चांगला जीनोम पुढच्या महिन्यात मिळणाऱ्या निर्दोष जीनोमपेक्षा मोलाचा असतो.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको: निगेटिव्ह कंट्रोल. प्रत्येक फेरीत नुसतं पाणी, आरएनए काढण्याच्या पायरीपासून शेवटपर्यंत, बाकी नमुन्यांसारखंच न्यायचं. एका ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर आमचे सहा नमुने अक्षर न् अक्षर सारखे आले. वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे सहा रुग्ण. मोठी छुपी साखळी सापडली म्हणून सगळे हरखले. मग कंट्रोलच्या वेलमध्ये पाहिलं, तर त्याच विषाणूचे अर्धा जीनोम भरेल एवढे रीड. ओळीच्या टोकाला सीटी १४ चा एक नमुना होता. झाकण काढताना उडालेल्या थेंबाने शेजारच्या अशक्त नमुन्यांना आपला जीनोम देऊन टाकला होता. साखळी रुग्णांत नव्हतीच, प्लेटवर होती. तेव्हापासून सारखे जीनोम दिसले की मी नकाशाआधी प्लेटचा आराखडा पाहतो.

रीडपासून कन्सेन्ससपर्यंत

यंत्रातून बाहेर पडतात ते लाखो तुकडे. प्रत्येक नमुन्याला आधी जोडलेल्या ओळखखुणेनुसार (बारकोडनुसार) ते नमुन्यानमुन्यांत वेगळे करा. माणसाचे रीड काढून टाका. ती रुग्णाची खासगी माहिती आहे, ती साठवायचा आपल्याला अधिकार नाही. उरलेले रीड संदर्भ जीनोमवर, म्हणजे त्याच विषाणूच्या आधी वाचलेल्या जीनोमवर, बसवा: लांब रीडसाठी मिनिमॅप२, लहानांसाठी बीडब्ल्यूए. प्रायमरची अक्षरं छाटा, कारण ती विषाणूची नसून आपणच घातलेली असतात. त्यासाठी आयव्हार आहे. मग प्रत्येक जागेवर बहुमताने अक्षर ठरवा; असा तयार होणारा जीनोम म्हणजे कन्सेन्सस. अनोळखी विषाणू असेल तर संदर्भच नसतो. तेव्हा स्पेड्स किंवा मेगाहिटने तुकडे जोडून जीनोम उभा करावा लागतो.

ज्या जागेवर रीड कमी आहेत तिथे ‘एन’ लिहा, म्हणजे ‘माहीत नाही’. लहान रीडसाठी किमान १०, नॅनोपोरसाठी किमान २० रीड हा वापरातला उंबरठा आहे. रिकाम्या जागी संदर्भ जीनोमचं अक्षर भरून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नका. संदर्भ जीनोम बहुधा साथीच्या सुरुवातीचा असतो. त्याची अक्षरं भरली की तुमचा ताजा नमुना जुना दिसू लागतो, झाडात, म्हणजे विषाणूंच्या वंशवृक्षात, मुळाकडे सरकतो आणि ‘हाच पहिला रुग्ण’ असा भास होतो. उगम शोधणाऱ्याने स्वतःच्या हाताने खोटा उगम तयार करायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

झाडात घेण्यासाठी जीनोमचा निदान ९० टक्के भाग भरलेला असावा. नेक्स्टक्लेड या संगणक प्रणालीत फाइल टाकली की अचानक तुटलेली जनुकं, अवाजवी बदल, एकाच जागी दाटलेले बदल लगेच डोळ्यात येतात. एकाच जागेवर दोन अक्षरं साधारण निम्मी-निम्मी दिसत असतील तर दोन शक्यता: रुग्णाला खरोखर दोन प्रकारांची लागण आहे, किंवा नमुना दूषित आहे. मी आधी दुसरी शक्यता तपासतो.

शेजारी कोण ठेवायचे?

तुमचे वीस जीनोम एकटे काही बोलत नाहीत. जेनबँक, जीआयएसएआयडी अशा साठ्यांतून तुलनेचे जीनोम घ्यावे लागतात. दोन प्रकारचे घ्या: तुमच्या जीनोमचे सगळ्यात जवळचे नातलग, जे कोविडसारख्या विषाणूंसाठी अशर ही प्रणाली पटकन शोधून देते, आणि काळ व ठिकाणं यांत समतोल राखून निवडलेले बाकीचे. नुसते जवळचे घेतले तर पार्श्वभूमी हरवते. नुसते विखुरलेले घेतले तर खरा शेजारी सुटतो.

इथे एक मोठा धोका आहे. एखाद्या देशाने १०,००० जीनोम वाचले आणि शेजारच्याने ५०, तर झाडाच्या जवळजवळ प्रत्येक फांदीच्या मुळाशी पहिलाच देश दिसतो. प्रामाणिकपणे तपासणी करणारा देश उगमस्थान ठरतो आणि न तपासणारा सुटतो. जिथून जास्त नमुने आले आहेत तिथले कमी करून झाड पुन्हा उभं करून पाहा. निष्कर्ष बदलला तर तो विषाणूविषयी नव्हता, नमुन्यांविषयी होता. अशा निष्कर्षावरून देशांना, गावांना, समाजांना बोल लावले जातात, म्हणून ही चाचणी टाळणं मला अक्षम्य वाटतं.

झाड आणि घड्याळ

सगळे जीनोम मॅफ्टने एकाखाली एक नीट लावा, मग आयक्यूट्रीने वंशवृक्ष काढा आणि फांद्यांचा बूटस्ट्रॅप आधार, म्हणजे कोणती फांदी किती विश्वासार्ह आहे ते, पाहा. त्याआधी विषाणूचा स्वभाव लक्षात घ्या. इन्फ्लूएन्झा ए चा जीनोम आठ तुकड्यांत असतो आणि दोन विषाणू भेटले की तुकड्यांची अदलाबदल होते. प्रत्येक तुकड्याचं झाड वेगळं काढायचं. कोरोना, एंटेरोव्हायरस, एचआयव्ही यांच्यात जीनोमच्या भागांची सरमिसळ होते. ती न तपासता एकच झाड काढलं तर अर्ध्या जीनोमचा बाप एक आणि अर्ध्याचा दुसरा, अशी स्थिती होते आणि झाड दोघांच्या मध्ये भलतीकडेच बोट दाखवतं.

झाड वाचताना आडव्या रेषांची लांबी पाहायची. ती बदलांची संख्या असते. फांद्या वर-खाली कोणत्या क्रमाने आहेत याला काही अर्थ नाही. एका गाठीतून सात-आठ फांद्या एकदम फुटलेल्या दिसल्या तर क्रम ठरवायला पुरेसे बदल नाहीत, असं समजायचं. तिथे जबरदस्तीने क्रम लावू नका.

विषाणू ठरावीक गतीने बदलत असेल तर बदलांची संख्या हे घड्याळ होतं. पोलिओच्या तपासात हे घड्याळ रोज वापरात आहे. त्याच्या व्हीपी१ या सुमारे ९०० अक्षरांच्या भागात वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात. तोंडावाटे देण्याच्या लशीतल्या टाइप २ विषाणूपासून या भागात सहा किंवा अधिक अक्षरं वेगळी दिसली की तो लसजन्य विषाणू मानतात, म्हणजे लशीतून निघून कमी लसीकरण झालेल्या वस्तीत काही काळ फिरलेला. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यातले, न्यूयॉर्क परिसरातल्या रुग्णाचे आणि इस्रायलमधले पोलिओ विषाणू एकमेकांचे नातलग आहेत हे अक्षरांवरूनच जुळलं. यातल्या लंडनमध्ये तर पक्षाघाताचा एकही रुग्ण समोर आलेला नव्हता.

घड्याळ लावण्याआधी ते चालू आहे का ते टेम्पेस्टमध्ये पाहा: मुळापासूनचं अंतर आणि नमुन्याची तारीख यांचा आलेख चढता हवा. विस्कटलेले ठिपके दिसले तर तारखा काढू नका. ठीक असेल तर ट्रीटाइमने झटपट किंवा बीस्टने सावकाश पण अनिश्चिततेसकट तारखा मिळतात. ब्राझीलमध्ये झिका मे २०१५ मध्ये ओळखला गेला. जीनोमवरून निघालेली आगमनाची तारीख त्याच्याही वर्षभर आधीची होती. तरी एक भेद पक्का ध्यानात ठेवा. घड्याळ सांगतं ती तुमच्या नमुन्यांच्या समान पूर्वजाची तारीख. पहिल्या माणसाला लागण झाल्याची तारीख ती नव्हे. ज्या फांद्या मरून गेल्या किंवा ज्यांचे नमुने मिळाले नाहीत, त्या घड्याळाला दिसत नाहीत.

घड्याळ चुकतं तेव्हा ते जास्तच बोलकं होतं. १९७७ मध्ये पसरलेला एच१एन१ इन्फ्लूएन्झा १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. पाव शतकात एवढे कमी बदल निसर्गात होत नाहीत. तो कुठेतरी गोठवून ठेवलेला असणार. उलट २०२२ च्या एमपॉक्समध्ये बदल फार जास्त निघाले. सुमारे १,९७,००० अक्षरांच्या या डीएनए विषाणूत वर्षाला एखाद-दोन बदल अपेक्षित, पण २०१८ मधल्या नातलगांपासून चाळीसहून अधिक दिसले. बहुतेकांचा साचा एकच होता: टीसी च्या जागी टीटी, जीए च्या जागी एए. माणसाच्या पेशीतलं अपोबेक३ हे विकर विषाणूवर असे ओरखडे काढतं. म्हणजे जगाचं लक्ष जाण्याआधी काही वर्षं तो माणसामाणसांत फिरत होता.

पाच रुग्ण, एक वॉर्ड

आता कल्पनेतलं एक उदाहरण हातात घेऊ. विषाणू ३०,००० अक्षरांचा, दोन आठवड्यांत एक बदल. परिसरातल्या नेहमीच्या जीनोमपेक्षा वेगळी अक्षरं कोणत्या जागी आहेत ते पाहा.

क, नमुना ३ तारखेचा: ४११२ आणि १८५६०.
ख, ९ तारखेचा: ४११२ आणि १८५६०.
ग, ११ तारखेचा: ४११२, १८५६० आणि २२९०७.
च, १२ तारखेचा: ७३०१, ११०४५ आणि २५६१०.
घ, १६ तारखेचा: ४११२, १८५६० आणि २२९०७.

वॉर्डातल्या सगळ्यांची खात्री होती की च ला क कडूनच लागण झाली, खाटा शेजारी-शेजारी. पण क आणि च यांच्यात पाच अक्षरांचा फरक आहे. नऊ दिवसांत क चे दोन बदल पुसले जाणं आणि नवे तीन येणं होत नाही. च बाहेरून आजारी होऊन आला. हे उत्तर पक्कं.

क आणि ख तंतोतंत सारखे. म्हणून क ने ख ला दिला? थांबा. अशा विषाणूत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला पाच-सहा दिवस लागतात आणि बदल व्हायला चौदा. म्हणजे साखळीतले दोन-तीन दुवे सारखेच दिसणार. क कडून ख, ख कडून क, की दोघांना तिसऱ्याकडून, जीनोम सांगू शकत नाही. त्यातही पार्श्वभूमीचे ४० जीनोम पाहिले आणि त्यांतल्या १५ जणांत ४११२ व १८५६० ची हीच जोडी निघाली, तर क आणि ख वेगवेगळ्या घरांतून तोच विषाणू घेऊन आले असतील. चाळिसांपैकी एकातही ती जोडी नसेल, तर वॉर्डातच पसरल्याचा संशय बळावतो. पार्श्वभूमीच्या नमुन्यांचा हट्ट याचसाठी.

ग आणि घ मध्ये २२९०७ जास्तीचा. म्हणजे घ चा दुवा ग कडून, किंवा दोघांचा एखाद्या न सापडलेल्या रुग्णाकडून. अहवाल लिहिण्याआधी ख च्या २२९०७ या जागेवर किती रीड आहेत ते पाहा. तिथे ‘एन’ असेल तर ख मध्ये हा बदल नाही असं म्हणताच येत नाही. आणि तिथे १५ टक्के रीडमध्ये नवं अक्षर दिसत असेल, तर तो बदल ख च्याच शरीरात घडत होता असं धरायला जागा आहे. एका जागेवरचे वीस-तीस रीड साखळीची दिशा सुचवू शकतात. अर्थात ते प्लेटवरच्या शेजाऱ्याकडून उडालेले नाहीत, हे तपासल्यावरच.

प्राण्यातून माणसात

इथे झाडाचा आकार पाहायचा. माणसांचे सगळे जीनोम एकाच फांदीवर आणि तिच्या मुळाशी एकच उडी, तर पुढचा प्रसार माणसामाणसांतला. सिएरा लिओनची इबोला साथ अशीच होती. माणसांचे जीनोम प्राण्यांच्या जीनोममध्ये ठिकठिकाणी विखुरलेले असतील तर विषाणू वारंवार उडी घेतो आहे. मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू उंटांमधून असाच येत राहिला आहे. २०१८ मध्ये नायजेरियात लासा तापाचे रुग्ण एकदम वाढले आणि विषाणू माणसाकडून माणसाकडे सहज पसरू लागला की काय, ही भीती होती. साथ चालू असतानाच जीनोम वाचले गेले. ते एकमेकांपासून इतके वेगळे होते की बहुतेक रुग्णांना उंदरांपासून स्वतंत्रपणे लागण झाली होती, हे कळलं. म्हणजे उपायांचा भर घर आणि धान्य उंदरांपासून वाचवण्यावरच ठेवायला हवा होता.

सर्वात जवळचा नातलग म्हणजे पूर्वज नव्हे. कोविडच्या विषाणूशी ९६ टक्के जुळणारा वटवाघळातला विषाणू माहीत आहे. ९६ टक्के ऐकायला भरपूर वाटतं, पण उरलेले चार टक्के म्हणजे हजाराहून जास्त अक्षरं आणि काही दशकांची ताटातूट. मधला प्राणी, मधली वर्षं त्या अंतरात दडलेली आहेत, आणि ती संगणकात सापडत नाहीत. प्राण्यांचे नमुने घ्यावे लागतात.

प्रयोगशाळेची शक्यताही प्रश्नांच्या यादीत असू द्या, पुराव्यासकट. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये गुरांत लाळ-खुरकताची साथ आली. विषाणू जुळला १९६७ च्या एका जुन्या प्रकाराशी, जो तेव्हा गोठ्यांत नव्हता, प्रयोगशाळांत आणि लस-कारखान्यांत होता. जवळच्याच पिरब्राइटच्या आवारात तो वापरात होता. जीनोमने बोट त्या आवाराकडे दाखवलं. सांडपाण्याची गळकी नळवाहिनी मात्र माणसांनी जागेवर जाऊन शोधली.

अहवालात काय लिहायचं

माणसांची नावं नाहीत, फक्त सांकेतिक क्रमांक. सार्वजनिक साठ्यात जीनोम जरूर आणि लवकर द्या, पण रुग्ण ओळखू येईल इतकं बारीक ठिकाण देऊ नका. अमेरिकेतल्या एड्सच्या साथीत एका माणसाला जगाने ‘पेशंट झीरो’ ठरवलं होतं. मुळात त्याच्या नोंदीत ‘ओ’ हे अक्षर होतं, कॅलिफोर्नियाबाहेरचा रुग्ण या अर्थाचं; ते शून्य म्हणून वाचलं गेलं. २०१६ मध्ये जुन्या रक्तनमुन्यांतले एचआयव्ही जीनोम वाचले, तेव्हा त्याचा विषाणू झाडाच्या मुळाशी नव्हताच. विषाणू १९७० च्या सुमाराला कॅरिबियनमधून न्यूयॉर्कमध्ये पोचून पसरत होता. तो माणूस १९८४ मध्येच गेला होता. कलंक तीस वर्षं राहिला.

म्हणून वाक्यं तोलून लिहा. ‘क ने ख ला संसर्ग दिला’ असं नाही. वरच्या वॉर्डाबद्दल मी असं लिहीन: “क, ख, ग आणि घ यांचे जीनोम एकाच अलीकडच्या साखळीशी सुसंगत आहेत, दिशा ठरवता येत नाही. च या साखळीतला नाही. परिसरातल्या ४० पैकी एकाही नमुन्यात ही जोडी नाही. ४ ते ८ तारखेदरम्यानचे वॉर्डातले नमुने उपलब्ध नाहीत, त्यामुळे मधला एखादा रुग्ण सुटलेला असू शकतो.” शेवटचं वाक्य गाळू नका. बहुतेकदा तेच वाचून कोणीतरी फ्रीझर उघडतं, ६ तारखेचा विसरलेला स्वॅब सापडतो आणि झाड पुन्हा काढावं लागतं.